आडवं की उभं

“जपून, जपून! त्यात लाखो रंग आहेत!” पेठे जिन्याच्या वरच्या पायरीवरून ओरडत होता.

“मग काय सांडत्यात व्हय?” खालून हमाल म्हणाला. मॉनिटरचं खोकं भिंतीवर एकदा चांगलं आदळून त्यानं ते आमच्या ऑफिसात आणून टेकवलं.

मी सकाळपासून कावलेली होते. एप्रिलचा उन्हाळा, पंखा बंद, आणि नुकताच ट्रेसिंग पेपरवर कपाळावरचा घाम टपकून मी काढलेला अख्खा जिना शाईत पसरला होता. मी ब्लेडनं तो खरवडत बसले होते. पेठे पुण्याहून आलेला, कॉम्प्युटर आणि सॉफ्टवेअर विकणारा माणूस. कोल्हापुरात त्या उन्हाळ्यात टाय बांधून फिरणारा बहुधा तो एकटाच असावा.

“ताई, हे खरवडणं आता विसरा,” तो माझ्याकडे बघून म्हणाला.

“आधी लाइट येऊ दे, मग विसरतो,” मी म्हटलं.

हे ‘विसरतो’ ऐकून पलीकडच्या टेबलावरून हेमंत बोंडे फिस्सकन हसला. आमच्याकडे बायकाही ‘मी येतो, मी करतो’ असंच म्हणतात. लिहिताना मी शहाण्यासारखं ‘गेले, आले’ लिहिते, पण तोंड उघडलं की कोल्हापूर बाहेर पडतं. हेमंत अमरावतीचा. तीन वर्षं माझ्यासमोरच्या टेबलावर बसूनही त्याला याची गंमत वाटायची थांबली नव्हती.

“काहून हसून राहिलास?” मी त्याचीच भाषा त्याच्या अंगावर फेकली.

“काही नाही बाप्पा. तू खरवड.”

ऑफिस म्हणजे शाहूपुरीतल्या लग्नपत्रिकांच्या छापखान्यावरच्या दोन खोल्या, आणि आम्ही तिघं. सरनाईक सर, मी पद्मजा इंगवले आणि हेमंत. सर साठी ओलांडलेले. अर्ध्या गावाचे बंगले त्यांच्या हातचे, पण बोलणं सांगलीच्या बाजारातल्या दलालासारखं रोखठोक. आम्ही दोघं आर्किटेक्ट होऊन त्यांच्याकडे लागलो ते सहा महिने अनुभव घ्यावा म्हणून, आणि तिथंच चिकटलो.

लाइट आली. पेठेनं आधी एक सॉफ्टवेअर लावलं. पडद्यावर रेघ, रेघेला समांतर रेघ, त्यात दार, खिडकी. प्लॅन वेगळा काढायचा, सेक्शन म्हणजे घराचा उभा छेद वेगळा, एलेव्हेशन म्हणजे समोरून दिसणारं घर वेगळं. “हा म्हणजे तुमचा ड्रॉइंग बोर्डच, फक्त काचेआड,” तो म्हणाला. मग दुसरं लावलं. त्यात त्यानं भिंत काढली ती एकदम उभीच राहिली. तिला दार लावलं, वर छप्पर घातलं, आणि मग माऊस पुढे ढकलत तो आम्हाला त्या घराच्या आत घेऊन गेला. एका खोलीतून दुसरीत. खिडकीतून ऊन आलेलं जमिनीवर दिसत होतं.

हेमंत खुर्चीतून उठून पडद्याजवळ गेला, तो परत बसलाच नाही.

“म्हणजे एक आडवं आणि एक उभं,” सर म्हणाले. तेव्हापासून त्या दोन सॉफ्टवेअरना आमच्याकडे तीच नावं पडली.

“सर, जग उभ्याकडे चाललंय,” पेठे म्हणाला.

“जग जाऊ दे की. आपल्याला आपली गाडी हाकायची आहे. दोन्ही घ्यायची काय ऐपत नाही. एकच घेणार.” सरांनी कानावरची पेन्सिल काढून माझ्याकडे रोखली. “पद्मा, उद्या हे ऑफिस तुलाच बघायचंय. आडवं की उभं, ते तू सांगायचं. तू सांगशील ते मी डोळे झाकून घेणार.”

“मी? मला काय कळतंय त्यातलं?”

“मला तर त्याहून कमी कळतंय. उन्हाळाभर दोन्ही वापरून बघा. गिऱ्हाइकाच्या कामावर प्रयोग नकोत. चार खोल्यांचं एक घर घ्या. तू आडव्यात काढ, बोंडे उभ्यात काढंल. मग नेहमीसारखं एकमेकांचं तपासा.”

“सर, गिऱ्हाईक कोण समजायचं?” हेमंतनं विचारलं.

“कुणाचं का असेना. तुला पाहिजे ते समज.”

‘नेहमीसारखं तपासा’ म्हणजे काय ते सांगायला हवं. आमच्या ऑफिसातून कुठलाही कागद लाल झाल्याशिवाय बाहेर पडत नसे. एकानं काढायचं, दुसऱ्याच्या टेबलावर ठेवायचं आणि चहाला निघून जायचं. तपासणाऱ्यानं लाल पेन्सिलीनं चुका मारायच्या. परत आल्यावर काढणाऱ्यानं निमूट दुरुस्त्या करायच्या. का, कशासाठी, मला असं म्हणायचं होतं, हे काही चालायचं नाही. “तपासणाऱ्याशी वाद नाही,” हे सरांचं वाक्य. पूर्वी कधीतरी दोन असिस्टंट भांडत बसले होते आणि त्या भांडणात एका जिन्याची पायरीच कमी पडली होती, तेव्हापासूनचा नियम. काढणाऱ्याला आपलं बरोबरच वाटतं, म्हणून त्याचं ऐकायचं नाही, असं सर म्हणत.

त्याच आठवड्यात खालच्या टपरीवर चहा पिताना हेमंत म्हणाला, “बंगलोरहून फोन होता.”

“कुणाचा?”

“एका मोठ्या फर्मचा. तिकडं सगळं उभ्यातच चालते म्हणे. मे संपेपर्यंत सांग म्हणाले.”

माझ्या हातातला चहा एकदम गार झाल्यासारखा वाटला. “मग?”

“मग काय? तिकडं जायचं ते उभ्यासाठीच ना. इथंच उभं आलं तर मी कशाला मरायला जाऊ तिकडं?” त्यानं कपातली साय बोटानं काढून टाकली. “तूच सांगणार आहेस सरांना. काय सांगशील?”

“घर बघून सांगतो.”

“बस? घर बघून?”

“मग काय तुझं तोंड बघून सांगू?”

तो हसला. मीही हसले. आतून मात्र मला रडू येत होतं. मला तो हवा होता. त्या वेळी हे मी कुणालाच सांगितलं नव्हतं, आईला नाही, मैत्रिणीला नाही, आणि त्याला तर नाहीच. सकाळी जिन्यावर त्याच्या चपला वाजल्या की माझी रेघ सरळ यायची. तो रजेवर अमरावतीला गेला की मी उगीच त्याच्या टेबलावरची पेनं धुऊन ठेवायचे. तीन वर्षांत तो माझ्याशी जगातल्या सगळ्या विषयांवर बोलला होता, एक विषय सोडून. आणि मी इंगवल्यांची. आमच्यात आधी बोलतील त्यांची मान कापली जाते असा आमचा समज. म्हणून मी वाट बघत होते. आता वाटलं, बोलायचीही गरज नाही. उभं आलं की तो राहणार. राहिला की एक दिवस बोलेल.

कॉम्प्युटर एकच. सकाळी मी, दुपारी तो. माझं आडवं घर भराभर होत गेलं. बोर्डावर जे करायचे तेच काचेआड, त्यात काही कळायला वेळ लागला नाही. त्याचं मात्र संपता संपेना. जेवणाचा डबा तसाच ठेवून तो पडद्यात डोकं घालून बसायचा. मी जवळ गेले की पडदा काळा करायचा.

“बघू की जरा.”

“तपासायच्या आधी बघायचं नाही. नियम आहे.”

“असला काय राजवाडा बांधतोयस?”

“चार खोल्याच आहेत. पण त्यातून चालून पाहून राहिलो ना मी. बसून पाहून राहिलो, उभं राहून पाहून राहिलो. वेळ लागतेच.”

मे संपता संपता त्याच्या प्रिंट निघाल्या. आदल्या दिवशी त्यानं माझं घर तपासून दिलं होतं. सगळ्या कागदावर एकच लाल खूण. मी उत्तर दिशेचा बाण काढायला विसरले होते, त्या जागी त्यानं लिहिलं होतं, ‘घर कुठं तोंड करून उभं आहे?’ आता त्यानं आपले कागद माझ्या टेबलावर ठेवले, कधी नव्हे ते क्षणभर घुटमळला, आणि चहाला निघून गेला.

मी लाल पेन्सिल हातात घेऊन डोळे मिटले. अंबाबाई, एकही चूक सापडू देऊ नको, म्हटलं. खणानारळानं ओटी भरीन.

पहिला कागद प्लॅनचा. वरून बघितलेलं घर. काय सुरेख घर होतं! पुढे ओसरीसारखा सोपा, आत बैठकीची खोली, तिला लागून पूर्वेचं स्वयंपाकघर, एक झोपायची खोली, आणि मागच्या अंगाला एक लांबट खोली, दोन मोठी टेबलं समोरासमोर मांडलेली. दारं बरोबर, भिंती बरोबर. पेन्सिल टेकवायला जागा नव्हती. मी सुटकेचा श्वास टाकला.

दुसरा कागद उलटला आणि डोक्यात तिडीक गेली.

स्वयंपाकाचा ओटा अडीच फूट. पावणेतीन असतो, शेंबड्या पोराला ठाऊक आहे. मी लाल गोल मारला. ओट्यावरची फळी हातभर खाली आलेली. गोल. खिडकीची सिल, म्हणजे खालची कड, तीही खाली. गोल. पुढच्या कागदावर विजेची बटणं खाली, न्हाणीतलं बेसिन खाली, आरसा खाली. मागच्या खोलीत नकाशांच्या गुंडाळ्या ठेवायचं कपाट, त्याचा सगळ्यात वरचा कप्पा खांद्याएवढा. बाहेरच्या दाराशी दोन खुंट्या, एक खाली आणि दुसरी वर. मी लिहिलं, ‘एका ओळीत घे.’ घराच्या आतली चित्रं जिथून काढली होती ती नजरसुद्धा साडेचार फुटांवर. आमच्या पुस्तकात नजर पाच फुटांवर असते. तिथंही गोल.

तीन वर्षांत या माणसाची एक उंची कधी चुकलेली मी बघितली नव्हती. झोपेत विचारलं तरी त्यानं ओटा पावणेतीनच सांगितला असता. आणि आज, ज्या कागदांवर त्याचं इथं राहणं ठरणार होतं, त्याच कागदांवर एकूण एक उंची चुकवून ठेवली होती. मी सगळे कागद परत पहिल्यापासून तपासले. चुका तशाच. तेव्हा माझ्या डोक्यात लख्ख उजेड पडला. निदान मला तो उजेडच वाटला. याला राहायचंच नाहीये. बंगलोरला जायचंय, पण तोंडानं सांगायची लाज वाटते, म्हणून पेपरच नापास व्हायला लिहिलाय. ज्याला राहायचं असतं तो असा निष्काळजीपणा करतो होय?

तो परत आला तेव्हा मी कागद त्याच्याकडे सरकवले. त्यानं वरचा उलटला. दुसरा उलटला. मग प्रत्येक कागद सावकाश बघितला.

“सगळ्या उंच्या?” त्यानं विचारलं.

“सगळ्या.”

“एकही बरोबर नाही वाटली तुला?”

“दारं तेवढी बरोबर आहेत.” माझा आवाज चढला होता. “कुणासाठी बांधलंयस रे हे? बुटक्यासाठी?”

त्यानं माझ्याकडे बघितलं. काहीतरी बोलायला तोंड उघडलं. मी तर लढाईला उभी राहिल्यासारखी उभी होते, कमरेवर हात ठेवून. त्यानं तोंड मिटलं.

“बोल की. काय बोलायचंय ते बोल.”

“तपासणाऱ्याशी वाद नाही,” तो म्हणाला आणि कागद गोळा करून आपल्या टेबलावर गेला.

सरांपुढे मी सगळं मांडलं. “सर, आडवं घ्या. उभ्यात उंच्या सांभाळता येत नाहीत. बोंडेसारख्याच्या चुकल्या, उद्या नवीन मुलाच्या हातात गेलं तर घरंच्या घरं चुकतील.”

सरांनी ते लाल झालेले कागद बराच वेळ बघितले. चष्मा काढून पुसला, परत लावला. “ह्या चुका बोंडेनं केल्या?”

“हो.”

“पद्मा, एकदा परत बघ.”

“दोनदा बघितलंय, सर.”

“बोंडे, तुझं काय म्हणणं?”

“माझं काही म्हणणं नाही, सर.”

सरांना पटलेलं दिसत नव्हतं. पण शब्द दिला होता, आणि दिलेला शब्द फिरवणं त्यांच्या रक्तात नव्हतं. “ठीक आहे. आडवं,” ते म्हणाले. मला वाटलं होतं, आपण जिंकलो की बरं वाटेल. कशाचं बरं आणि कशाचं काय!

हेमंतनं त्या दुपारी सगळ्या दुरुस्त्या केल्या. ओटा पावणेतीन, फळी वर, खिडकी वर, खुंट्या एका ओळीत. नवी प्रिंट काढून सरांच्या टेबलावर ठेवली, आणि जुने लाल कागद रिवाजाप्रमाणे फाडून टोपलीत टाकले.

जूनच्या पहिल्या आठवड्यात तो गेला. मी स्टँडवर गेले. जायचं नाही असं दहा वेळा ठरवलं होतं, पण पाय काही माझं ऐकत नव्हते. दुपारची बंगलोरची गाडी लागलेली. त्याच्याकडे एक बॅग आणि नकाशांची नळी. आम्ही दोघं गाडीच्या सावलीत उभे राहिलो.

“बरं झालं आलीस,” तो म्हणाला.

“सरांनी पाठवलं,” मी धडधडीत खोटं बोलले.

“इंगवले, एक विचारू? तपासताना तुला कधी असं नाही वाटलं, का काढणाऱ्याला माहीत असेल आणि तरी त्यानं तसंच काढलं असेल?”

“वाटलं की! तेच तर वाटलं!” मी उसळले. “माहीत असून चुकवतो तो जास्त वाईट. तुला जायचं होतं तर सरळ सांगायचं होतंस, हेमंत. मी काय तुला बांधून ठेवणार होतो?”

त्याच्या चेहऱ्यावर जे आलं ते मला तेव्हा वाचता आलं नाही. तो एवढंच म्हणाला, “नाही. तू कशाला बांधून ठेवशील?” कंडक्टरनं बेल मारली. तो चढला. खिडकीतून त्यानं हात बाहेर काढला, मीही वर केला. गाडी वळेपर्यंत मी हात तसाच धरून उभी होते, आणि बाजूचा जांभूळवाला मला विचारत होता, ताई, द्यायची का जांभळं, म्हणून.

सुरुवातीला त्याचे फोन आले. दिवाळीला, पाडव्याला. सर विचारायचे, कधी येतोस? तो म्हणायचा, येतो. मग फोन कमी झाले, मग थांबले. बंगलोरहून तो पुढे परदेशात कुठंतरी गेला असं कानावर आलं. कुठं, ते सांगणाऱ्यालाही नीट माहीत नव्हतं. मला स्थळं आली. एकाला मी नाही म्हटलं, एकानं मला नाही म्हटलं, आणि पुढे आईनंही विषय सोडला. सर गेले. ऑफिस माझं झालं. आडव्यावर मी अर्धं आयुष्य काढलं. शेकड्यांनी घरं काढली त्यात, आणि कुणाचा ओटा कधी चुकला नाही. रात्री घरी आल्यावर आईच्या ओट्यापाशी लाकडी पाट ओढून, त्यावर उभी राहून मी भाकरी थापायचे. लहानपणापासूनची सवय. त्यात वेगळं काही आहे असं कधी वाटलंच नाही.

गेल्या वर्षी मृण्मयी माझ्याकडे लागली. नुकती पास झालेली, चुणचुणीत पोरगी. तिला आडव्यात काम करायचं म्हणजे शिक्षा वाटायची. “मॅडम, कॉलेजात आम्ही कधीच सोडलं हे. चाचणीसाठी महिनाभर फुकट मिळतं ते नवीन. बघा तरी. मग ठरवा, कुठलं घ्यायचं.” तिनं लॅपटॉपवर ते घेतलं आणि आमच्याच चालू कामातलं एक घर त्यात उभं करून दाखवायला बसली. शुक्रवार पेठेतल्या एका डॉक्टरांचं घर. माझंच डिझाइन.

“आता तुम्हाला आत नेते हां. नजरेची उंची किती टाकू? इथं पाच फूट आपोआप येतं.”

“राहू दे की पाच.”

“अहो, तुमची टाकूया ना! तुम्ही चालताय तर तुम्हाला दिसायला हवं. किती उंच तुम्ही? चार-दहा? म्हणजे डोळे साडेचारला.” तिनं आकडा घातला.

मी माझ्याच काढलेल्या स्वयंपाकघरात शिरले. ओटा पार पोटावर आला. फळीवर काय ठेवलंय ते दिसेना. खिडकीतून नुसतं आभाळ दिसत होतं, बाहेरचं अंगण नाही.

“बघा, तुम्हाला इथं पाटच लागेल,” मृण्मयी हसत म्हणाली.

साडेचार. तो आकडा मी या हातानं लाल गोल मारून खोडला होता.

आधी काही कळलंच नाही. मग एक एक करून सगळं अंगावर आलं. अडीच फुटांचा ओटा. हात पोहोचेल अशी फळी. उभ्या उभ्या बाहेर बघता येईल अशी खिडकी. कपाटाचा वरचा कप्पा माझ्या खांद्याएवढा, कारण ऑफिसात वरची गुंडाळी काढायला मी रोज हेमंतलाच हाक मारायचे. समोरासमोर दोन टेबलं. गारगोटीच्या एका साइटवर त्यानं मला भिंतीला टेकून उभं केलं होतं, खिडकीचं माप घ्यायला माणूस लागतं म्हणून. डोक्यावर पेन्सिलीची रेघ मारली, डोळ्यांसमोर एक मारली, खांद्याशी एक मारली. मी म्हटलं होतं, खिडकीच्या मापाला एवढ्या रेघा कशाला? तर म्हणाला, लागतात. आणि मग त्यानं एक घर बांधलं, त्यात माझे डोळे घेऊन महिनाभर हिंडला, मला कुठं अडचण होते ते बघत. आडव्यात हे सांगताच आलं नसतं. वरून बघितलं की अडीच फुटांचा ओटा आणि पावणेतीनचा ओटा सारखाच दिसतो. त्याला जे बोलायचं होतं ते उंच्यांतच होतं, आणि मी त्याला एकूण एक उंची चूक म्हणून परत दिली. बुटक्यासाठी बांधलंय का, असं वर विचारलं. नियमाप्रमाणे तो गप्प बसला. अरे, एकदा तरी नियम मोडायचास की! एकदा भांडायचं होतंस माझ्याशी!

“मॅडम? पाणी देऊ?”

“नको. मृण्मयी, एक घर काढायचंय. तू माऊस धर, मी सांगतो.”

“कुणाचं?”

“जुनं गिऱ्हाईक आहे.”

तिनं भिंती उभ्या केल्या. मी सांगत गेले. पूर्वेचं स्वयंपाकघर, पुढे सोपा, मागे लांबट खोली, टेबलं समोरासमोर. त्याचे आकडे मला आठवत नव्हते, माझे लाल गोलच आठवत होते. पण आता आकडे आठवायची गरजच नव्हती. मी उठून उभी राहिले, हात लांब केला, आणि मृण्मयीला म्हटलं, टेप लाव. हात पोहोचतो तिथं फळी. कोपराखाली सहा इंचांवर ओटा. डोळे येतात तिथं खिडकीतलं अंगण. तिला मजा वाटत होती. संध्याकाळचं ऊन खिडकीतून आमच्या टेबलावर आलं होतं, आणि पडद्यावरही तिनं तेच ऊन घातलं.

“आता माणसं ठेवूया,” ती म्हणाली. “घर रिकामं चांगलं दिसत नाही.” तिनं स्वयंपाकघरात एक बाई उभी केली आणि विचारल्याशिवाय तिची उंची चार-दहा घातली. बाईचे हात बरोबर ओट्यावर आले. “मस्त! आणि ते दुसरं टेबल? तिथं कोण बसतं? पुरुष ना? किती उंच?”

मी तोंड उघडलं. आकडा आला नाही.

त्याचा आवाज मला अजून ऐकू येतो. हसताना मान कशी तिरकी करायचा ते मी आत्ता काढून दाखवीन. चहातली साय, चपलांचा आवाज, शाईनं काळं झालेलं नख, सगळं आहे. पण तीन वर्षं त्या माणसाकडे रोज मान वर करून बघितलं, आणि तो किती उंच आहे हे एकदाही मनात आलं नाही. माझ्या मापाच्या रेघा त्यानं भिंतीवर मारून घेतल्या होत्या. मी त्याला कधी भिंतीला उभं केलं नव्हतं.

“अंदाजे सांगा ना. साडेपाच? सहा?”

“माहीत नाही गं.”

“मग पाच-आठ टाकू? पुरुष म्हटलं की तेच आपोआप येतं.”

“नको, नको.” मी तिचा हात धरला. तो पुस्तकातला माणूस मला त्या टेबलावर नको होता.

“मग काय करू, मॅडम?”

पडद्यावर ती चार-दहाची बाई खिडकीशी उभी होती. तिला अंगण अगदी व्यवस्थित दिसत होतं.

“राहू दे,” मी म्हटलं. “एकटीच ठेव.”